शाळा सुटल्यानंतरचे बाबासाहेब

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे जीवनचरित्र आमच्या समाजाला नव्याने सांगावे लागत नाही. महाडचे चवदार तळे, गोलमेज परिषद, भारतीय संविधान आणि नागपूरची दीक्षाभूमी ही त्या जीवनाची उत्तुंग शिखरे होत. जयंतीच्या व्यासपीठावरून आम्ही ती दरवर्षी पाहतो आणि नतमस्तक होतो. परंतु शिखरांकडे पाहताना पायथ्याची वाट दृष्टीआड होते. सायंकाळी शाळेची घंटा वाजल्यावर, दप्तर काखोटीला मारून निघालेला भीम नावाचा मुलगा कोठे जात होता, काय करीत होता, त्याच्याजवळ कोण बसत होते, हा प्रश्न आम्ही सहसा विचारीत नाही. निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेत तो विचारला जावा, असे आम्हांस मनापासून वाटते. कारण वर्ग सुटल्यानंतरचे तास सांभाळण्यासाठीच निवासी विद्यालय जन्माला येते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ आणि भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. रामजी सुभेदार लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते आणि कबीरपंथी होते. निवृत्तीनंतर हे कुटुंब प्रथम दापोलीस व नंतर साताऱ्यास आले. साताऱ्यातच मातोश्री भीमाबाईंचे निधन झाले, तेव्हा भीम जेमतेम पाच वर्षांचा होता. त्याचा सांभाळ आत्या मीराबाईंनी केला.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भीमरावांचे नाव दाखल झाले. महाराष्ट्रात आज हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेत त्यांना काय भोगावे लागले, हे सर्वश्रुत आहे. बसावयास घरून नेलेले गोणपाट, वर्गात सर्वांपासून वेगळी जागा, आणि तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मनाई. शिपाई नळ सोडील तर पाणी, नाहीतर कोरडा घसा. अशा शाळेतही आंबेडकर आडनावाचे एक शिक्षक होते. मधल्या सुट्टीत ते आपल्या शिदोरीतील भाजीभाकरी या विद्यार्थ्याला प्रेमाने देत. वर्गातील कोणताही धडा पुसला जाईल, पण त्या घासाची आठवण बाबासाहेबांनी आयुष्यभर जपली. शाळेच्या वेळापत्रकात ज्याला तास म्हणत नाहीत, अशा वेळेत मिळालेले हे शिक्षण होते.

येथे एक गोष्ट आमच्या पालकांनी अवश्य लक्षात घ्यावी. भीमराव काही जन्मतः पुस्तकात डोके घालून बसणारे बालक नव्हते. साताऱ्यात असताना अभ्यासावरून त्यांचे मन उडाले होते. झाडे लावावीत, शेळ्या राखाव्यात, स्टेशनवर हमाली करून दोन पैसे मिळवावेत, याकडे त्यांचा ओढा होता. मुंबईस जाऊन गिरणीत काम मिळवावे, असा बेत त्यांनी मनाशी केला. गाडीभाड्याला पैसे हवेत म्हणून आत्याच्या कमरेची पिशवी लांबविण्याचा त्यांनी तीन रात्री प्रयत्न केला. चौथ्या रात्री पिशवी हाती आली, तेव्हा तिच्यात केवळ अर्धा आणा निघाला. त्या अर्ध्या आण्याने त्यांना मनस्वी लाज वाटली आणि अभ्यास करून स्वतःच्या पायावर उभे राहावयाचे, असा निश्चय त्यांनी त्याच रात्री केला. हा प्रसंग पुढे त्यांनी स्वतःच सांगितला, म्हणून तो आम्हांस ठाऊक आहे. आपल्या वस्तीतला एखादा मुलगा शाळा बुडवून हिंडताना दिसला की आम्ही त्याला चटकन वाया गेलेला ठरवितो. त्या पिशवीत गाडीभाड्यापुरते पैसे निघाले असते, तर या देशाचा इतिहास कोणत्या गिरणीच्या दारात थांबला असता, याचा विचार करून मगच आम्ही असा शिक्का मारावा.

१९०४ च्या सुमारास सुभेदारांचे बिऱ्हाड मुंबईत लोअर परळच्या डबक चाळीत आले. गिरणी कामगारांची ती वस्ती. सर्व कुटुंबास मिळून एकच खोली. तीच चूल, तेच कोठार, तीच झोपण्याची जागा आणि तीच अभ्यासिका. उशाला जाते, पायथ्याशी शेळी, अशा जागेत भीमराव झोपत. सर्वांना एकाच वेळी हातपाय पसरणे शक्य नव्हते. म्हणून रामजी सुभेदारांनी एक युक्ती योजली. भीमाने संध्याकाळीच झोपावे, आपण रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहावे, दोनला मुलाला उठवावे आणि मग त्याच्या जागेवर आपण पाठ टेकावी. दोन वाजल्यापासून उजाडेपर्यंत मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात भीमरावांचा अभ्यास चाले. चाळ झोपलेली असे, तेव्हा त्या खोलीत एक विद्यापीठ जागे असे. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या एका वृद्ध सैनिकाने आपली झोप देऊन ते चालविले होते.

भीमरावांना क्रमिक पुस्तकांखेरीज इतर पुस्तकांचा विलक्षण नाद लागला. सुभेदारांना हे अवांतर वाचन फारसे पसंत नव्हते, तरी मुलाने मागितलेले पुस्तक त्यांनी कधी नाकारले नाही. पैसे नसले की ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणीत, गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन हाती आले की सोडवून परत करीत. बाबासाहेबांच्या ग्रंथसंग्रहाचे गोडवे आम्ही गातो. राजगृह ही वास्तूच त्यांनी ग्रंथांसाठी बांधली, हेही अभिमानाने सांगतो. त्या संग्रहाच्या पायात दोन बहिणींच्या अंगावरचे दागिने आहेत, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

एल्फिन्स्टन हायस्कूल हे तेव्हाचे नामांकित सरकारी विद्यालय. तेथे शिकत असता शाळा सुटल्यावर भीमराव घरी परतण्याऐवजी चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसत. घरी जागा नव्हती, बागेत होती, इतके साधे त्याचे कारण. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक व ग्रंथकार वाचनासाठी येत असत. छत्रपती शिवाजी महाराजांचे आणि तथागत गौतम बुद्धांचे मराठी चरित्र लिहिणारे हे विद्वान गृहस्थ. इतर मुले खेळत, हुंदडत असताना एक मुलगा रोज एका कोपऱ्यात पुस्तकात मग्न असतो, हे केळुसकर गुरुजींच्या दृष्टीस पडले. त्यांनी चौकशी केली. मुलाने आपली जात सांगितली. ती ऐकून गुरुजी दूर सरकले नाहीत. काय वाचावे, कसे वाचावे हे ते त्याला सांगू लागले, स्वतःजवळची पुस्तके देऊ लागले. त्या बागेला फळा नव्हता, हजेरीपट नव्हता, शुल्क नव्हते. एक जाणता मनुष्य रोज येत होता आणि मुलाकडे लक्ष देत होता, एवढेच त्या शाळेचे भांडवल होते.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण त्यांना मिळाले. आजच्या गुणांच्या बाजारात या आकड्याकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही. केळुसकर गुरुजींनी मात्र गुणपत्रिकेपलीकडचा विद्यार्थी बागेत रोज पाहिला होता. भीमरावांच्या परीक्षेतील यशाबद्दल समाजाने सत्कारसभा भरविली, तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे इंटरची परीक्षा झाल्यावर शिक्षण थांबण्याची वेळ आली. तेव्हा गुरुजींनीच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापर्यंत या विद्यार्थ्याचे नाव पोहोचविले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. त्या शिष्यवृत्तीने पदवी मिळाली. तेथून १९१३ साली न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ आणि १९१६ साली लंडन, हा पुढचा प्रवास आमच्या वाचकांस परिचित आहेच. ज्या पित्याने झोप दिली, तो मात्र २ फेब्रुवारी १९१३ रोजी हे जग सोडून गेला. पुत्राची परदेशी पदवी पाहणे त्याच्या वाट्यास आले नाही.

परदेशातही बाबासाहेबांची खरी शाळा वर्ग सुटल्यानंतरच भरे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात ते सकाळी दार उघडताच शिरत आणि बंद करण्याची वेळ झाली की नाइलाजाने उठत. रात्री खोलीवर परतल्यावर पुन्हा वाचन. १९२३ साली अर्थशास्त्रातील डी. एस्सी. पदवी आणि बॅरिस्टरी घेऊन ते मायदेशी स्थिरावले. येथवरचे चरित्र एका असामान्य विद्यार्थ्याचे आहे. आता मात्र आमच्या विषयाचा गाभा येतो. स्वतःला जे एका बागेत योगायोगाने लाभले, ते समाजातील प्रत्येक मुलाला हक्काने लाभावे, यासाठी त्यांनी काय केले?

या वाटेवर त्यांच्या पूर्वी क्रांतिबा जोतीराव फुले व क्रांतिज्योती सावित्रीमाई चालून गेल्या होत्या. दिवसभर शेतात व कामावर राबणाऱ्यांसाठी या दांपत्याने १८५५ साली रात्रीची शाळा काढली होती. जो दिवसा येऊ शकत नाही, त्याच्या सवडीने शाळेने भरावे, हा विचार तेथून आमच्या परंपरेत आला. बाबासाहेबांनी जोतीरावांना आपल्या गुरूंपैकी एक मानले, ते उगाच नव्हे.

२० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. या सभेचे उद्देश काळजीपूर्वक वाचले, तर त्यांत वसतिगृहे, वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग यांचा स्पष्ट उल्लेख आढळतो. येथे थोडे थांबावे असे आम्ही सुचवू. परदेशातून सर्वोच्च पदव्या घेऊन आलेला हा अर्थशास्त्रज्ञ आपल्या समाजासाठी पहिली संस्था उभारतो, तेव्हा त्याच्या यादीत अग्रभागी असतात शाळा सुटल्यानंतरच्या जागा. शाळांची दारे कायद्याने हळूहळू उघडत होती. पण दार उघडून आत गेलेला मुलगा सायंकाळी कोठे परततो, तेथे दिवा आहे काय, भाकरी आहे काय, शांतता आहे काय, यावर तो पुढील वर्षी त्या दारात दिसेल की नाही हे ठरत होते. डबक चाळीतील खोलीने हे त्यांना शिकविले होते.

४ जानेवारी १९२५ रोजी सभेने सोलापूर येथे वसतिगृह सुरू केले. हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांची राहण्याची, जेवणाची, कपड्यांची व पुस्तकांची तेथे सोय झाली. त्या मुलांनी वसतिगृहात स्वतःचे मासिक चालविले. मुंबईत सभेने मोफत वाचनालय उघडले आणि त्याचबरोबर तरुणांसाठी हॉकीचा संघही काढला. हॉकीचा हा उल्लेख वाचून प्रथम आम्हांसही नवल वाटले होते. परंतु त्यामागील दृष्टी खोल आहे. गिरणगावातील तरुणाची संध्याकाळ जुगार आणि दारू गिळीत होती. रिकामी संध्याकाळ कोणाच्या तरी हाती जाणारच, मग ती मैदानाच्या हाती का जाऊ नये, असा तो विचार होता. बाबासाहेब केवळ पुस्तकाचा आग्रह धरणारे नव्हते. खेळ हाही त्यांच्या लेखी उद्धाराचाच भाग होता.

१९२८ साली त्यांनी शिक्षणासाठी स्वतंत्र मंडळ स्थापिले आणि त्याच्यामार्फत निरनिराळ्या ठिकाणी वसतिगृहे चालविली. पैशांची चणचण कायमची होती. सत्याग्रह, परिषदा, कौन्सिल आणि कोर्ट या सर्व व्यापांतही मुलांच्या जेवणाचे हिशेब त्यांच्या टेबलावर येत असत. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांची अडचण ओळखून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले, आणि संस्थेने रात्रशाळाही चालविली. पोट भरणाऱ्या माणसाला ज्या वेळी सवड मिळते, ती वेळ शिक्षणाने पकडावी, ही जोतीरावांची शिकवण येथे पुन्हा फळाला आली.

आणि मग त्यांची दृष्टी आमच्या मराठवाड्याकडे वळली. निजामी राजवटीत हा प्रदेश शिक्षणात फार मागे राहिला होता. १९४८ च्या सप्टेंबरात ती राजवट संपली आणि दोनच वर्षांत, १९५० साली, औरंगाबादेत सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. राजा मिलिंद आणि भन्ते नागसेन यांच्या संवादावरून महाविद्यालयास मिलिंद आणि परिसरास नागसेनवन हे नाव लाभले. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू, असे नाव शिक्षणसंस्थेला देणे यातच बाबासाहेबांची शिक्षणदृष्टी दिसते. त्या माळरानावर त्यांनी वसतिगृहे उभारली, झाडे लावली, बांधकामावर स्वतः उभे राहून लक्ष ठेवले. आपल्या जालना जिल्ह्याचा बहुतेक भाग तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होता. भोकरदन, जाफराबाद, अंबड या बाजूंची मुले पत्र्याची पेटी घेऊन नागसेनवनात पोहोचली. वर्गात ती शिकलीच, पण वसतिगृहाच्या खोल्यांत, झाडांखाली, रात्रीच्या चर्चांत ती घडली. मराठवाड्यातील आंबेडकरी चळवळीला आणि दलित साहित्याला नागसेनवनाने किती माणसे दिली, हे सांगावयास नको. आमच्या पिढीच्या कितीतरी शिक्षकांचे गुरू तेथलेच.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. बुद्ध आणि त्यांचा धम्म या आपल्या अखेरच्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी बालपणी केळुसकर गुरुजींकडून मिळालेल्या बुद्धचरित्राची आठवण नोंदविली आहे. त्या पुस्तकाने मनावर केलेला परिणाम पन्नास वर्षे टिकला. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आदल्या रात्रीही त्यांच्या हाती त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेचे काम होते. अशा रीतीने चर्नी रोडच्या बागेतील संध्याकाळ आणि दीक्षाभूमीवरील तो सोनेरी दिवस यांच्यामधला धागा अखंड आहे. दीक्षाभूमीची अनेक कारणे इतिहासकार सांगतील आणि ती खरीच आहेत. त्यांत हेही एक कारण आहे की, एके काळी एका शिक्षकाने आपल्या फुरसतीचा वेळ दुसऱ्याच्या मुलाला दिला होता.

आता आपल्या केदारखेड्याकडे वळू. आमच्या विद्यालयात सायंकाळी खेळाची शिट्टी होते, मग वंदना, भोजन आणि त्यानंतर अभ्यासिका. दिवा असतो, सतरंजी असते, शंका विचारावयास शिक्षक असतात. हे चित्र पाहून माजी विद्यार्थ्यांचे डोळे भरून येतात आणि ते स्वाभाविक आहे. परंतु आम्ही शिक्षकांनी आणखी एक चित्र पाहिले आहे. विद्यालयाच्या फाटकाबाहेर गावातली आणि शेजारच्या वस्त्यांतली मुले आहेत. कापूस वेचणीच्या दिवसांत आईबाप अंधार पडेपर्यंत पऱ्हाटीत असतात. शाळा सुटल्यावर मुलगी पाण्याला जाते, धाकट्याला कडेवर घेते, चूल पेटविते. मुलगा टपरीवर बसतो, गुटख्याची पुडी पाहतो, कोणाच्या तरी मोबाइलमध्ये डोके घालतो. सकाळी वही कोरी राहते आणि वर्गात आम्हीच त्याला विचारतो की, गृहपाठ का केला नाहीस. डबक चाळीतील एक खोली आजही आमच्या वस्त्यांत घरोघर आहे. दोन वाजता उठविणारा सुभेदार मात्र प्रत्येक घरी असणे शक्य नाही, कारण तो दिवसभर राबून थकलेला असतो. आमच्या वसतिगृहातील जागा मोजक्या आहेत आणि प्रवेशाच्या वेळी नाइलाजाने कित्येक पालकांना परत पाठवावे लागते. परत गेलेल्या त्या मुलाचे पुढे काय झाले, हा प्रश्न आम्हांस वर्षभर सतावतो.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. वस्तीवस्तीत आपण कष्टाने विहारे बांधली आहेत. पौर्णिमेला, जयंतीला, वर्षावासात ती गजबजतात. इतर दिवशी सायंकाळी बहुतेक विहारांच्या दाराला कुलूप असते. ते कुलूप रोज सहा वाजता उघडावे, एवढेच आमचे मागणे आहे. आत एक सतरंजी आणि वीज गेली तरी चालेल असा सौर दिवा हवा. पाचवी ते दहावीच्या पाठ्यपुस्तकांचा एक संच, एक शब्दकोश आणि रोजचे वर्तमानपत्र हवे. अभ्यासाआधी खेळावयास एक चेंडू आणि मूठभर शेंगदाणे-गूळ हवा, कारण उपाशी पोटी गणित सुटत नाही. मुली येऊ शकतील अशी वेळ ठेवावी, धाकट्या भावंडाला सोबत आणण्याची मुभा असावी आणि परतताना एखाद्या वडीलधाऱ्या बाईने त्यांना घरापर्यंत पोहोचवावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रोज एक जाणते माणूस तेथे हजर हवे. गावात राहणाऱ्या सात माजी विद्यार्थ्यांनी आठवड्याचा एकेक दिवस वाटून घेतला, तर एकाही मुलाची संध्याकाळ पोरकी राहणार नाही. जे नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस आहेत, त्यांनी एका विहाराच्या दिव्याचा व पुस्तकांचा भार उचलावा आणि सुट्टीत गावी आल्यावर एक संध्याकाळ तेथे बसावे.

दानाची ही रीत आपल्या मातीला नवी नाही. आपल्या तालुक्याचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी येथील सामान्य माणसांनी सांची आणि भरहूत येथील स्तूपांसाठी दान दिले आणि त्यांच्या नावाचे लेख तेथील दगडांवर आजही वाचावयास मिळतात. शेकडो कोस दूर, डोळ्यांना कधी दिसणारही नाही अशा ठिकाणच्या एका दगडासाठी त्यांनी आपल्या कमाईतला वाटा काढला होता. आपल्याला तर घरापासून हाकेच्या अंतरावरचे एक कुलूप उघडावयाचे आहे.

बाबासाहेबांना अभिवादन करताना आम्ही त्यांच्या पुतळ्याला हार घालतो, तो घालावाच. पण चर्नी रोडच्या बागेतला तो मुलगा आजही कोठेतरी बसावयास जागा शोधत असेल, हे विसरू नये. तो कदाचित केदारखेड्याच्या एखाद्या गल्लीतच असेल आणि मॅट्रिकला त्याला साडेसातशेपैकी २८२ एवढेच गुण पडणार असतील. त्याच्याकडे पाहणारे केळुसकर गुरुजी होणे, हे या विद्यालयातून बाहेर पडलेल्या प्रत्येकाच्या हाती आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!